भाला सगळ्यात शेवटी घ्या

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक तिशीतले आहेत. तलावात नियमित पोहतात, समुद्रात थोडंफार स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगणं) केलेलं आहे. आता दम धरून बुडी मारायची आणि भाल्याने मासे टिपायचे, म्हणजे स्पिअरफिशिंग शिकायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. पैसे बेताचे. त्यातले निम्म्याहून जास्त ११० सेंटीमीटरच्या, दोन रबरांच्या कार्बन गनवर (रबर ताणून भाला सोडणाऱ्या बंदुकीवर) घालायचा विचार आहे, कारण ‘एकदाच घ्यायची तर मोठीच घ्यावी’. बाकी सगळं हाताशी आहे त्यात भागवायचं: पूर्ण चेहरा झाकणारा स्नॉर्कल-मास्क, आखूड फिन्स (पायात घालायची पाती) आणि मित्राने दिलेला सर्फिंगचा ३ मिलीमीटरचा वेटसूट (ऊब राखणारा रबरी पोशाख). चष्म्याचा नंबर उणे अडीच. अंथरुणावर पडून दोन मिनिटं दम धरता येतो. सोबत यायला कुणी तयार नाही, पण किनाऱ्यालगत चार-पाच मीटरच खोल जायचं असल्याने एकट्याने गेलं तरी चालेल असं त्यांना वाटतं. ते विचारतात: ११० की ९०? कार्बन की ॲल्युमिनियम? रील (दोरी गुंडाळलेलं चाक) लावू का? आणि कमरेला वजन किती बांधू?

उत्तर:

तुम्ही विचारलंत त्याची थेट उत्तरं आधी देतो. ११० नको, ७५ किंवा फार तर ९०. नळी ॲल्युमिनियमची. रील नको, फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) आणि दोरी घ्या. वजन किती हे घरी बसून ठरत नाही, पाण्यात ठरतं. कसं, ते पुढे येईल.

पण एवढीच उत्तरं घेऊन तुम्ही खरेदीला निघालात तर मला काळजी वाटेल. तुमच्या यादीत गन पहिली आहे आणि मास्क, फिन्स, सूट ‘भागवून घेऊ’ या रकान्यात आहेत. हा क्रम उलटा करायला हवा. मासा मिळणार की नाही हे बहुतांशी चाप ओढण्याआधीच ठरलेलं असतं. खाली जाताना कान मोकळे झाले का, डोळ्यांपुढे स्वच्छ दिसतंय का, अंग गारठलंय का, पाय भरून आलेत का, आणि या सगळ्यानंतर तळाशी शांत पडून राहण्याएवढा दम उरला आहे का, यावर ते ठरतं. गनचं काम शेवटच्या एका सेकंदाचं. त्या सेकंदापर्यंत तुम्हाला पोचवतात ते अंगाला चिकटलेले जिन्नस, आणि पैसे आधी तिथे जायला हवेत.

आणि त्याच्याही आधी, एकट्याने जाण्याबद्दल. पाच मीटर म्हणजे उथळ, आणि उथळ म्हणजे सुरक्षित, हे तुमचं गृहीतक मला मान्य नाही. पाच मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दीडपट असतो, दहा मीटरवर दुप्पट. त्या दाबामुळे फुफ्फुसात उरलेला थोडासा ऑक्सिजनही रक्तात नीट शिरत राहतो आणि माणसाला वाटतं, अजून दम आहे. वर येताना दाब उतरतो आणि तोच ऑक्सिजन एकाएकी अपुरा पडतो. त्यामुळे शुद्ध हरपते ती बहुधा तळाशी नाही. वर येताना शेवटच्या काही मीटरांत, किंवा डोकं पाण्याबाहेर काढून श्वास घेतल्यानंतरच्या काही सेकंदांत. बहुतेक वेळा आधी कसलीही सूचना मिळत नाही. शेजारी लक्ष ठेवणारा माणूस असेल तर तो चेहरा पाण्यावर धरतो, मास्क काढतो, गालावर थोपटून हाक मारतो आणि बरेचदा तेवढ्यावर माणूस श्वास घेऊ लागतो. शेजारी कुणी नसेल तर तोच माणूस दोन मीटर पाण्यातही बुडतो.

अंथरुणावरची दोन मिनिटं इथे धरू नका. पाय मारताना, थंडीत, मासा समोर दिसल्यावर छाती धडधडत असताना दम फार लवकर संपतो. सुरुवातीला ३० ते ४५ सेकंदांच्या बुड्या पुष्कळ झाल्या. वर आल्यावर, खाली जितका वेळ होता त्याच्या निदान दुप्पट वेळ पाण्यावर विश्रांती घ्या; नवख्याने दोन मिनिटांहून कमी घेऊच नये. त्यासाठी महागडा डाइव्ह कॉम्प्युटर लागत नाही, पाण्यात चालणारं साधं घड्याळ पुरतं. बुडीआधी भराभर मोठे श्वास घेऊन ‘साठा’ करायचा मोह आवरा. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो, आणि श्वासासाठी जी तगमग होते ती त्याच्या वाढण्याने होते. म्हणजे तुम्ही धोका कमी करत नाही, धोक्याची घंटा काढून टाकता.

म्हणून पहिला खर्च दम धरून बुडी मारण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचा. तिथे कान मोकळे करायची रीत आणि शुद्ध हरपलेल्याला वर आणायची रीत प्रत्यक्ष पाण्यात करून घेतात. या दोन गोष्टी वाचून येत नाहीत. दुसरं म्हणजे तिथेच जोडीदार भेटतो. ज्यांच्या ओळखीत पाण्यात उतरणारं कुणी नाही, त्यांना जोडीदार मिळवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. जोडीदार मिळाला की नियम एकच: एक खाली, एक वर. वरचा माणूस खालच्यावर नजर ठेवतो, आणि तो वर आल्यावरही पुढचं अर्धं मिनिट त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढत नाही.

आता सामान. मास्कपासून सुरू करू.

तुमचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क पृष्ठभागावर तरंगायला बनवलेला आहे. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही. नाक धरता आलं नाही की कानातला दाब सारखा करता येत नाही, आणि दोन-तीन मीटरवरच कान असह्य दुखू लागतात. पोहण्याचे गॉगलही चालत नाहीत. त्यांच्या आतल्या हवेचा दाब वाढवायला वाटच नसते, ते डोळ्यांवर आवळत जातात आणि डोळ्यांत रक्त उतरतं. हवा तो मास्क असा: नाकाला वेगळा मऊ खळगा, काच टेंपर्ड (कडक केलेली), कडा सिलिकॉनची आणि आतली पोकळी कमीत कमी. पोकळी लहान असली की खोल गेल्यावर मास्क चेहऱ्यावर आवळू नये म्हणून नाकातून सोडावी लागणारी हवा कमी लागते, आणि ती हवा तुमच्याच श्वासातून जात असते. सिलिकॉन काळं असलं तर बाजूने येणारा उजेड काचेच्या आतून चमकत नाही.

मास्क विकत घेताना ब्रँड पाहू नका, चेहरा पाहा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, केस बाजूला करा, नाकाने हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा. डोकं किंचित हलवूनही मास्क जागेवर राहिला आणि कुठून हवा शिरली नाही, तर तो तुमचा. मग स्नॉर्कलचं तोंड दातांत धरून पुन्हा करून पाहा, कारण जबडा उघडला की गालाचा आकार बदलतो आणि नेमकी तिथेच गळती लागते. मिशा दाट असतील तर नाकाखाली थोडं पाणी येतच राहतं. तिथे अर्धा सेंटीमीटर पट्टी भादरली की पुष्कळ फरक पडतो. गळतोय म्हणून पट्टा आवळत जाणं ही नेहमीची चूक. जास्त आवळल्याने कड दुमडते आणि गळती वाढते.

तुमच्या उणे अडीचसाठी नंबरच्या तयार काचा बसवता येतील असाच मास्क निवडा. अशा काचा साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात. सगळ्या मास्कना त्या मिळत नाहीत, म्हणून हे आधी विचारा. नव्या काचेच्या आतल्या बाजूला कारखान्यातला अदृश्य थर असतो आणि तो निघेपर्यंत मास्क धुरकट होत राहतो. जेल नसलेली साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून धुवा. असं तीन-चारदा करा. काचेवर खास लेप असेल तर मात्र टूथपेस्ट लावू नका, सोबतची सूचना पाळा. लायटरची ज्योत फिरवायचा सल्ला मिळेल. नव्या माणसाने तो ऐकू नये. सिलिकॉन जळतं आणि काच तडकू शकते. नंतर दर बुडीसत्राआधी थुंकी चोळून पाण्यात एकदा खळबळली की झालं.

स्नॉर्कल सगळ्यात साधी घ्या: वाकडी नळी, झडप नाही, वर झाकण नाही. खाली जाण्याआधी ती तोंडातून काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. तोंडात राहिली आणि शुद्ध गेली तर ती पाण्याला घशापर्यंत आणणारा उघडा रस्ता ठरते.

फिन्स. तुमच्या आखूड फिन्स दोन-तीन मीटरच्या सरावाला चालतील, त्या लगेच फेकू नका. पण पुढे लांब पात्याच्या लागतील, कारण कमी पाय मारून जास्त अंतर कापता येतं आणि दम वाचतो. पातं प्लॅस्टिकचं आणि मऊ घ्या. कार्बनचं पातं हलकं, चपळ, सुंदर असतं हे खरं, पण किनाऱ्यावरून उतरताना खडकाला आपटून ते फुटतं, आणि नवखा माणूस खडकाला आपटतोच. कडक पातं म्हणजे जास्त वेग अशी समजूत आहे. पायांत ती ताकद तयार झालेली नसताना कडक पात्याने तासाभरात पोटऱ्यांत गोळे येतात, आणि खोल पाण्यात गोळा आला की तो दिवस तिथेच संपतो.

पात्यापेक्षाही जास्त लक्ष पाय घालायच्या खोबणीकडे द्या. निओप्रीनचे (वेटसूटच्या रबराचे) २-३ मिलीमीटरचे मोजे घालूनच माप बघा. टाच वर उचलली जाता कामा नये, बोटं दुमडता कामा नयेत, आणि पाच मिनिटं घालून बसल्यावर पायाला मुंग्या येता कामा नयेत. ठेवताना फिन्स आडव्या ठेवा. पात्यावर उभ्या करून भिंतीला टेकवल्या तर उन्हात प्लॅस्टिक वाकडं होतं आणि मग एक फिन कायम तिरकी चालते.

वेटसूट आणि वजन यांचा विचार एकत्रच करावा लागतो, आणि सगळ्यात जास्त गफलती इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पाणी हवेच्या वीसहून अधिक पट वेगाने अंगातली ऊब खेचून घेतं. कुडकुडणाऱ्या अंगाला ऑक्सिजन जास्त लागतो, दम तुटतो, आणि गारठलेला माणूस घाईत चुकीचे निर्णय घेतो. जाडीचा ढोबळ अंदाज असा: पाणी २५ अंशांच्या वर असेल तर दीड-दोन मिलीमीटर, १९ ते २४ अंशांना ३, १४ ते १८ अंशांना ५, आणि त्याहून थंड पाण्याला ७. या खेळाचे खास सूट दोन तुकड्यांचे असतात, जाकिटाला टोपी जोडलेली असते आणि आतली बाजू अस्तराविना असते. ते रबर थेट कातडीला चिकटतं, त्यामुळे आत पाणी खेळत नाही. ते नाजूकही तितकंच. नखं कापून घाला. बाटलीभर कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर चमचाभर मिसळून ते आत ओता, मग सूट सरकतो. कोरडा ओढाल तर पहिल्याच दिवशी फाटेल. माप घट्ट हवं. पाठीच्या कण्याशी किंवा काखेत पोकळी राहिली की तिथे गार पाणी साचतं. पण छातीभर श्वास घेता आला पाहिजे.

मित्राचा सर्फिंगचा सूट पाणी उबदार असेल तर पहिल्या हंगामापुरता चालेल. तो छातीवर आवळतो आणि बुडी मारताना मानेकडून पाणी शिरतं, पण तेवढ्यासाठी लगेच नवा घ्यायची निकड नाही. फक्त एक पाहा: तो घालून उभ्याने पूर्ण श्वास घेताना अडतंय का? अडत असेल तर तो चाललाच नाही. आणि टोपी घालाल तेव्हा तिच्या आत कानाशी पाणी शिरू द्या. घट्ट टोपीखाली हवा अडकली की बाहेरच्या कानावर दाब येतो आणि तो नाक धरून फुंकल्याने जात नाही. म्हणून बरेच जण टोपीला कानाजवळ गरम सुईने बारीकसं भोक पाडतात.

निओप्रीनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून सूट तरंगतो, म्हणून शिसं बांधावं लागतं. पण दहा मीटरवर ते बुडबुडे दबून साधारण निम्मे होतात, आणि तुमच्या फुफ्फुसातली हवाही. म्हणजे वर असताना नेमकं वाटलेलं वजन खाली गेल्यावर जड होतं. तुम्ही मला किलोंचा आकडा विचारलात आणि मी तो देत नाही तो यामुळे. तुमची उंची, चरबी, सूटची जाडी, पाणी किती खारं, या सगळ्यावर तो आकडा हलतो. ३ मिलीमीटरचा सूट असेल तर २ किलोपासून सुरुवात करा आणि अर्धा-अर्धा किलो वाढवत असं पाहा: छातीभर पाण्याहून थोडं खोल जा, सगळा साज चढवा, स्नॉर्कल तोंडात ठेवून उभ्याने स्थिर राहा, हात-पाय हलवू नका. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर पाणी डोळ्यांच्या रेषेशी आलं पाहिजे. मग फुफ्फुसं पूर्ण रिकामी करा. तरीही डोकं अगदी बुडून तुम्ही खाली जायला लागलात, तर वजन जास्त आहे. दुसरी परीक्षा पाच मीटरवर: तिथे हात-पाय सोडून दिले की तुम्ही हळूहळू वर सरकायला हवं. सरकत नसाल तर एक किलो उतरवा. वजन कमी पडलं तर खाली जायला दोन जोरकस पाय जास्त मारावे लागतात, एवढंच. जास्त झालं तर दमलेल्या, कदाचित शुद्ध हरपत असलेल्या माणसाला तेच वजन खाली ओढतं. खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात गेलात तर वजन पुन्हा तपासा, तिथे कमी लागतं.

पट्टा रबराचा घ्या, नायलॉनचा नको. खाली गेल्यावर सूट दबतो, कंबर बारीक होते आणि डोकं खाली असताना नायलॉनचा पट्टा सरकून बरगड्यांवर येतो. ताणून बांधलेलं रबर आकसतं आणि जागेवर राहतं. तो पोटावर नको, कमरेच्या हाडांवर, म्हणजे पोटाने श्वास घ्यायला जागा राहते. बक्कल एका हाताने झटक्यात सुटणारं हवं. पट्ट्याचं उरलेलं टोक दुमडून आत खोचू नका. सोडायच्या वेळी ते अडकतं. उथळ पाण्यात आलटून पालटून एकेका हाताने, डोळे मिटून, पट्टा सोडायचा सराव करा, आणि जोडीदाराचं बक्कल कुठल्या बाजूला उघडतं तेही पाहून ठेवा. शिसं गेलं तर परत विकत घेता येतं, म्हणून पट्टा सोडताना पैशांचा विचार डोक्यात आणू नका.

आता रील आणि फ्लोट. रील गनला लावलेली असते. मोठा मासा पळाला की दोरी सुटत जाते, हे तिचं काम. पण तुम्ही कुठे आहात हे ती बोटवाल्याला सांगत नाही. किनाऱ्याजवळ बुडी मारणाऱ्याला माशांपेक्षा बोटीच्या पंख्याचं भय जास्त असतं. म्हणून ठळक रंगाचा फ्लोट, त्यावर तुमच्या भागात मान्य असलेला डाइव्हचा झेंडा (कुठे लाल कापडावर तिरका पांढरा पट्टा, कुठे निळा-पांढरा), आणि २०-२५ मीटर तरंगणारी दोरी घ्या. दोरीची लांबी खोलीच्या निदान दीडपट हवी. बारीक दोरी हमखास गुंतते, म्हणून ६ ते ८ मिलीमीटर जाडीची घ्या. तिचं टोक गनच्या मुठीला लावा, कंबरेला कधीच नाही. मासा मोठा निघाला किंवा भाला खडकात अडकला तर गन सोडून मोकळ्या हाताने वर या; गन कुठे आहे ते दोरी सांगेल. लागलेला मासाही फ्लोटवरच अडकवा. कमरेला रक्ताळलेले मासे लटकवून फिरलं की मोठ्या शिकारी माशांना आपण होऊन बोलावणं जातं.

सुरी लहान हवी, सात ते दहा सेंटीमीटर पात्याची, एका कडेला दाते असलेली. वजनपट्ट्यावर अशी बांधा की कुठल्याही हाताने निघेल. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला बांधलेल्या सुरीत दोरी अडकते. म्हणजे जी गुंता सोडवायला घेतली तीच गुंता करते. तिचं पहिलं काम दोरी कापणं, दुसरं मासा लगेच संपवणं: डोळ्यांच्या किंचित मागे, वरून, मेंदूत टोक घालायचं आणि मग कल्ले कापून रक्त वाहू द्यायचं. मासा तडफडत ठेवणं क्रूर तर आहेच, पण त्याने मांसही बिघडतं. हातमोजे पातळ, सहज न कापल्या जाणाऱ्या धाग्याचे घ्या, म्हणजे रबर ओढताना आणि खडक धरताना बोटं शाबूत राहतील.

एवढं झाल्यावर भाला.

११० सेंटीमीटरची गन मोकळ्या, नितळ पाण्यासाठी आहे. किनाऱ्यालगत बहुधा तीन ते सहा मीटर दिसतं. तिथे लांब गन पाण्यातून फिरवायला जड जाते. मासा बाजूने आला तर टोक तिकडे नेईपर्यंत तो गेलेला असतो. कपारीत ती शिरत नाही. दोन रबरं ताणायला छाती आणि दंड सरावलेले नसतील तर एका नेमानंतर तुम्ही धापा टाकायला लागता, म्हणजे पुढच्या बुडीचा दम त्यातच गेला. दिसणं पाच मीटरच्या आत असेल तर ७५, पाच ते दहाच्या मधे असेल तर ९०. या गनबरोबर साडेसहा मिलीमीटर जाडीचा, एका पंखाचा (मासा निसटू न देणाऱ्या काट्याचा) भाला आणि १६ मिलीमीटरचं एकच रबर पुरतं. ७५च्या गनला भाला साधारण ११५ सेंटीमीटरचा येतो, ९०ला १३०चा. कार्बनची नळी वजनाने हलकी आणि हाताला छान लागते, पण मासा पाडण्यात नवख्याला तिचा काही उपयोग नाही आणि खडकाचा मार ती ॲल्युमिनियमइतका सोसत नाही. हवेच्या दाबाची गनही सध्या नको. तिच्या आतल्या वॉशर आणि दट्ट्याची देखभाल हे वेगळंच शिकणं आहे.

त्याहून साधा पर्याय म्हणजे पोलस्पिअर, शेवटी रबराचा फास असलेला लांब दांडा. फास अंगठ्यात अडकवून दांडा ताणून धरायचा आणि सोडायचा. ना चाप, ना यंत्रणा. त्याचा पल्ला फार थोडा, जेमतेम हाताच्या टप्प्यापलीकडचा, आणि त्यामुळेच माशाच्या जवळ कसं जायचं हे तो शिकवतो. तुमचे पैसे बेताचे आहेत म्हणून माझा कल आधी पोलस्पिअर आणि पुढच्या हंगामात गन याकडे आहे. पण तुमच्या भागातले नियम आधी बघा. काही ठिकाणी गनला परवाना लागतो, काही ठिकाणी ठरावीक किनाऱ्यांवर किंवा रात्री मनाई असते, बऱ्याच देशांत स्कूबाच्या (पाठीवरच्या हवेच्या) टाकीसह भाला वापरणं बेकायदा आहे, आणि माशांच्या किमान लांबीचे व बंदी काळाचे नियम जवळपास सगळीकडे असतात. गळाला लागलेला लहान मासा सोडता येतो, भाल्याचा नाही. म्हणून जो मासा नावाने ओळखता येत नाही त्याच्यावर नेम धरू नका.

गनच घ्यायची झाली तर दोघांत एकच घ्या. एक खाली आणि एक वर हा नियम पाळायचा तर दुसऱ्या गनची गरजच नसते, वरच्याचे हात आणि डोळे मोकळे राहतात, आणि खर्चही निम्मा होतो.

गन भरायची ती पाण्यात, माणसं मागे असताना, टोक मोकळ्या समुद्राकडे करून. मूठ छातीच्या मधल्या हाडावर टेकवा (या खेळाच्या खास सूटला तिथे गादी असते), दोन्ही हातांनी रबर सारख्या जोराने ओढा आणि रबराचा दोरा भाल्याच्या खाचेत पूर्ण बसला हे डोळ्यांनी पाहा. अर्धवट बसलेला दोरा निसटतो आणि बोटं फोडतो. पाण्याबाहेर यायच्या आधी रबर उतरवा. बोटीवर किंवा किनाऱ्यावर भरलेली गन कुणाच्याही हातात असू नये. सेफ्टीच्या खटक्यावर विसंबू नका. वाळूचा कण अडकला की तो काम करत नाही.

पहिले नेम माशावर धरू नका. वाळूच्या तळावर, पलीकडे कुणी नाही हे पाहून, वजन बांधलेला फोमचा तुकडा उभा करा आणि दोन मीटरवरून सुरुवात करा. पाण्यात सपाट काचेतून वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर दिसते. तीन मीटरवर वाटणारा मासा खरा चार मीटरवर असतो. ‘नेम बरोबर होता तरी भाला आधीच पडला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. भाला सतत वरून जात असेल तर रबर गनच्या मानाने जास्त ताकदीचं आहे किंवा मनगट सैल आहे, आणि धक्क्याने टोक वर उडतंय. जखमी होऊन निसटलेला मासा बहुधा मरतोच, म्हणून फोमवर पाचांतले चार नेम लागेपर्यंत तिथेच थांबा.

पैशांची वाटणी तुमच्यासाठी अशी करीन: आधी प्रशिक्षण, मास्क आणि स्नॉर्कल, मग रबरी पट्टा, शिसं, फ्लोट, दोरी, सुरी, मग फिन्स, आणि उरलेल्यात पोलस्पिअर. शिसं, फ्लोट आणि सुरी जुनी घेतली तरी बिघडत नाही. फिन्स मापाच्या मिळाल्या तर जुन्या चालतील. जुनी गनही चालेल, पण रबर, त्याचा दोरा आणि भाल्याला बांधलेली नायलॉन दोरी या तीन गोष्टी त्याच दिवशी नव्या घाला, आणि चाप ओढून-सोडून यंत्रणा गंजली नाही ना ते बघा. मास्क मात्र जुना घेऊ नका, सिलिकॉन ताठरलेलं असतं.

दर सत्रानंतर सगळं गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. रबर गनवर ताणलेलं ठेवू नका, उन्हात तर मुळीच नाही. पाण्यात उतरण्याआधी रबर दोन बोटांत ताणून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर ते तिथल्या तिथे कापून टाका आणि नवं लावल्याशिवाय गन भरू नका.